गाईच्या दुधाची फॅट उतरली? खुराकाचं पोतं बदलण्याआधी हे तपासा

दूध संकलन केंद्रांशी जोडलेल्या गोठ्यांवर फिरणं हे माझं रोजचं काम. त्यात सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार एकच: दूध आहे, पण फॅट लागत नाही. आपल्याकडे गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) हा पाया धरून ठरतो. त्याखाली पॉइंटागणिक कपात होते आणि फॅट फारच उतरली तर दूध परत येतं. मग घाईघाईने खुराकाचं (दाणा-पेंडीचं) पोतं बदललं जातं, नाहीतर दुकानातून फॅट वाढवायची पावडर येते. बहुतेक गोठ्यांत या दोन्हींची गरज नसते. दोष धार काढण्यात, कुट्टीच्या पात्यात नाहीतर वैरण-खुराकाच्या हिशेबात सापडतो, आणि तो शोधायला पैसे लागत नाहीत. म्हणून फुकटची तपासणी आधी आणि खर्चाची शेवटी, असा क्रम इथे ठेवला आहे. कृपया तो मोडू नका. मधल्या पायऱ्या गाळून पावडर चालू केली की खरं कारण तसंच राहतं आणि पावडर बंद केल्यावर फॅट परत खाली येते.

हे सगळं संकरित गाईंबद्दल आहे. होल्स्टिन रक्ताच्या गाईला ३.५ च्या आसपास फॅट लागणं स्वाभाविक आहे, जर्सीला त्याहून बरीच जास्त. होल्स्टिनकडून पाचची फॅट कुठल्याही खुराकाने मिळत नाही. तशी अपेक्षा असेल तर पुढचं वाचून निराशाच होईल.

लक्षणं कोणती आहेत ते आधी ओळखा

गेल्या दोन आठवड्यांच्या पावत्या काढून समोर ठेवा आणि फॅट व एसएनएफ दोन्ही रकाने एकत्र बघा. एकटी फॅट बघून निदान होत नाही.

- फॅट उतरली, एसएनएफ जागेवर, दूध तेवढंच किंवा थोडं वाढलेलं: वैरण कमी आणि खुराक जास्त झाल्याची ही ठळक खूण.
- फॅट आणि एसएनएफ दोन्ही उतरलं, दूधही कमी झालं: गाईला एकूण खाणंच पुरत नाही, उन्हाचा ताण आहे किंवा कासेत काही बिघाड आहे.
- नुकती व्यालेली गाय, फॅट चांगलीच चढलेली, एसएनएफ कमी आणि गाय झपाट्याने वाळतेय: ही फॅट आनंदाची नाही. गाय अंगावरची चरबी जाळून दूध देतेय. हिच्यासाठी थेट शेवटच्या भागात जा.
- फक्त सकाळची फॅट कमी, संध्याकाळची बरी: बहुधा काहीच बिघडलेलं नाही. कारण पुढे येईल.
- जूनमध्ये पहिला पाऊस झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत सगळ्या गोठ्याची फॅट एकदम घसरली: कोवळा हिरवा चारा.
- गाईकडे बघून दिसणारी लक्षणं: शेण पातळ, चकाकणारं, त्यात फेस किंवा मक्याचे दाणे. गाय एक दिवस भरपूर खाते, दुसऱ्या दिवशी तोंड फिरवते. खूर दुखल्यासारखी चालते. बसलेल्या गाई नुसत्याच बसलेल्या, जबडा हलत नाही.

विल्यानंतर दीड-दोन महिन्यांनी दूध शिगेला असतं तेव्हा फॅट सगळ्यात कमी लागते आणि वेत सरत आलं की वाढते. एकाच महिन्यात गोठ्यातल्या बऱ्याच गाई व्याल्या असतील तर कॅनची फॅट त्यामुळेही उतरते. हा दोष धरू नका.

फॅट तयार कुठे होते

हे दोन परिच्छेद वगळू नका, कारण पुढची प्रत्येक तपासणी यावर उभी आहे. गाईने खाल्लेलं तेल सरळ दुधात उतरत नाही. कोटीपोटातले, म्हणजे गाईच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले, जिवाणू वैरणीतले तंतू कुजवतात आणि त्यातून मुख्यतः अ‍ॅसिटिक आम्ल तयार होतं. ते रक्तातून कासेत जातं आणि दुधातली जवळपास निम्मी चरबी कासेतच त्याच्यापासून विणली जाते. मका, ज्वारी, गहू यांतला स्टार्च कुजला की प्रोपिऑनिक आम्ल जास्त निघतं. त्याची यकृतात साखर होते, आणि त्या साखरेवर दुधाचं प्रमाण वाढतं. म्हणजे ढोबळ हिशेब असा, की दाण्याने लिटर वाढतात आणि तंतूने फॅट वाढते. गाईला दोन्ही लागतात, अडचण प्रमाणाची असते.

तंतू कुजवणारे जिवाणू आम्लाला नाजूक असतात. कोटीपोटाचा सामू (पीएच) ६ च्या खाली गेला, म्हणजे आम्लता वाढली, की ते मंदावतात. ही आम्लता मोडते लाळेने. मोठी गाय दिवसाला १०० लिटरहून जास्त लाळ गिळते आणि त्या लाळेत सोडा असतो, तोच खाण्याचा सोडा जो आपण दुकानातून आणतो. पण लाळ सुटते चावताना आणि रवंथ करताना. लांब, खरखरीत वैरण नसेल तर चावणं नाही, चावणं नसेल तर लाळ नाही, लाळ नसेल तर आम्ल साचतं. शेणाच्या गॅसच्या टाकीत एकदम हॉटेलचं खरकटं ओतलं की टाकी आंबते आणि गॅस बंद पडतो, तसंच हे. शिवाय आम्लता वाढली की खुराकातलं तेल अर्धवट रूपांतरित होतं आणि त्यातून अशी काही स्निग्धाम्लं निघतात की ती कासेत पोचली की चरबी बनण्याचं कामच दाबतात. त्यामुळे फॅट वाढावी म्हणून तेल पाजलेल्या गाईची फॅट उलट पडते.

१. खरंच फॅट कमी आहे का?

गाईला हात लावण्याआधी नमुना तपासा. दूध उभं राहिलं की साय वर जमू लागते. वरून घेतलेला नमुना जास्त दाखवतो, तळाचा कमी. दूध एका भांड्यातून दुसऱ्यात दोन-तीन वेळा ओतून, लगेच नमुना घ्यायचा. घरापासून केंद्र लांब असेल आणि कॅन अर्धाच भरलेला असेल तर मोटारसायकलवर दूध घुसळतं. कॅनच्या झाकणाला आतून बोट फिरवून बघा. लोण्याचे बारीक पिवळसर कण हाताला लागले तर तुमची फॅट झाकणाला चिकटून घरी परत येतेय. लहान कॅन घ्या आणि तो गळ्यापर्यंत भरा.

केंद्रावरच्या मशीनबद्दलही शंका असू शकते आणि ती विचारण्यात गैर काही नाही. ताज्या फेसाळ दुधात हवेचे बुडबुडे असतील, मशीन नीट धुतलेलं नसेल किंवा नमुना फार थंड असेल तर आकडा चुकतो. खात्री करायची तर तोच नमुना दोन भागांत करून एक गर्बर पद्धतीने तपासून घ्या. गंधकाम्ल आणि अमाइल अल्कोहोल घालून, बुटीरोमीटरमध्ये फिरवून करायची ही जुनी पद्धत आहे. ती डेअरीच्या प्रयोगशाळेतच करायची, घरी आम्लाशी खेळ नको.

एका दिवसाच्या आकड्यावर काहीच ठरवू नका. एकाच गाईची फॅट रोज काही पॉइंट इकडेतिकडे होते. लागोपाठ तीन दिवस, सकाळ आणि संध्याकाळ, प्रत्येक गाईचा वेगळा नमुना घ्या. या एका कामात निम्मी प्रकरणं उलगडतात: दहा गाईंच्या गोठ्यात दोनच गाई २.८ वर असतात आणि त्या सगळ्या कॅनला खाली ओढतात. मग उपाय दोन गाईंवर करायचा, दहांवर नाही.

२. धार कशी निघते?

कासेतलं दूध सगळं सारखं नसतं. पहिल्या धारा पातळ असतात, फॅट एक-दोन टक्क्यांच्या घरात. शेवटच्या धारांमध्ये ती याच्या कितीतरी पट असते. वासराला शेवटी सोडत असाल तर सगळ्यात घट्ट दूध वासरू पितं आणि पातळ डेअरीला जातं. पान्ह्यासाठी वासरू आधी सोडा, त्याच्या वाटणीचं दूध मोजून वेगळं पाजा, आणि कास पूर्ण मोकळी करा. मशीनने धार काढत असाल तर शेवटी हाताने चारही सडं पिळून बघा. प्रत्येक सडात भरपूर दूध राहत असेल तर मशीनचा दाब किंवा रबरी लायनर बघावे लागतील. धारेच्या वेळी आरडाओरडा, मार, नवा माणूस किंवा कुत्रं, यातल्या कशानेही गाय पान्हा चोरते, आणि चोरलेलं दूध शेवटचं म्हणजे फॅटचं असतं.

दोन धारांमधलं अंतर मोजा. संध्याकाळी पाचला आणि सकाळी सातला धार काढली तर रात्रीचं अंतर चौदा तासांचं आणि दिवसाचं दहा. मोठ्या अंतरानंतर दूध जास्त आणि फॅट कमी, छोट्या अंतरानंतर उलट. सकाळची फॅट कमी लागण्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं. एकूण फॅट तेवढीच राहते, वाटणी बदलते. त्यासाठी गाईवर औषध करू नका.

३. पाणी, मीठ आणि ऊन

एक लिटर दुधामागे गाय चार-पाच लिटर पाणी पिते आणि उन्हाळ्यात दिवसाची गरज शंभर लिटरच्या पुढे जाते. दिवसातून दोनदा बादली दाखवणं पुरत नाही. पाणी कमी पडलं की वैरण कमी खाल्ली जाते, आणि गाय आधी सोडते ती कोरडी वैरण. टाकीच्या तळाशी शेवाळ असेल तर ती घासून चुना लावा.

तापमान वाढलं की गाय कमी खाते, तोंड उघडून धापा टाकते आणि लाळ गिळण्याऐवजी बाहेर गाळते. तिच्यातला सोडा जमिनीवर जातो. म्हणून एप्रिल-मेमध्ये खुराक न बदलताही फॅट उतरते. दावणीवर सावली, पंखा आणि अंगावर पाण्याचा फवारा, एवढं करा. वैरणीचा मोठा वाटा रात्री आणि पहाटे टाका. दुपारी बारा वाजता टाकलेली वैरण गाय हुंगून सोडते.

खुराकात रोज साधं मीठ आणि खनिज मिश्रण जातंय ना, एवढं बघून पुढे जा. त्यांच्या कमतरतेने इतर बरंच बिघडतं, पण एकाएकी घसरलेल्या फॅटचं कारण ती क्वचितच असतात.

४. रवंथ मोजा, शेण धुऊन बघा

ही माझी सगळ्यात आवडती तपासणी, कारण इथे गाय स्वतः उत्तर देते. खाऊन दोन तास झाल्यावर, कोणीही न हलवता, बसलेल्या गाईंकडे बघा. निम्म्याहून जास्त गाई रवंथ करत असल्या पाहिजेत. मग एक गाय निवडा. गळ्यातून घास वर आलेला डोळ्यांनी दिसतो. तिथून पुढे तो गिळेपर्यंत जबडा किती वेळा हलतो ते मोजा. ५० ते ७० वेळा हलला तर वैरण पुरेशी लांब आणि पुरेशी आहे. ४० च्या आतच घास गिळला जात असेल तर तंतू कमी पडतोय. दोन-तीन गाई मोजा, घाई करू नका.

आता शेण. ओंजळभर ताजं शेण चहाच्या मोठ्या गाळणीत घ्या आणि नळाखाली पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. गाळणीत काय उरतं? मक्याचे पिवळे तुकडे आणि अखंड सरकी दिसली तर खुराक पोटातून न पचता निघून जातोय. लांब, अर्धवट तंतू भरपूर असतील तर कोटीपोटातले जिवाणू काम करत नाहीत. बुळबुळीत, जेलीसारखे पांढुरके पापुद्रे दिसले तर आम्लतेने आतड्याचं अस्तर दुखावलंय. असं शेण सलग दोन दिवस दिसलं तर पुढच्या पायऱ्या करत बसू नका, डॉक्टरांना बोलवा.

५. कुट्टीचं पातं आणि दावणीतला क्रम

कुट्टी मशीनमधून चारा किती बारीक येतो? वाया जाऊ नये म्हणून सगळा चारा पाव इंचावर कापणारे गोठे मी सतत बघतो. वाया जाणं थांबतं, पण चावणंही थांबतं. हिरव्या चाऱ्याची कुट्टी एक ते दोन इंच ठेवा. मुरघासाची (दाबून आंबवलेल्या हिरव्या चाऱ्याची) कापणी बारीकच लागते, एक ते दोन सेंटिमीटर, नाहीतर तो नीट दाबला जात नाही आणि बुरशी येते. त्यामुळे ज्या गोठ्यात मुख्य वैरण मुरघास आहे तिथे रोज थोडा कडबा किंवा वाळलेलं गवत लांब स्वरूपात द्यायलाच हवं. आणि कडब्याचं पीठ करू नका. कागदावर तंतू तेवढाच राहतो, पण गाईला तो चावावा लागत नाही. पोत्यावर छापलेल्या तंतूच्या टक्क्यालाही हेच लागू आहे: गोळी पेंडीतला तंतू दळलेला असतो, त्याने रवंथ वाढत नाही.

क्रमही बघा. सकाळी उपाशी पोटी, धार काढताना चार किलो खुराक एकदम दिला की तासाभरात कोटीपोट आंबतं. आधी थोडी सुकी वैरण, मग खुराक. एका वेळी अडीच-तीन किलोच्या वर खुराक नको. दिवसाचा आठ किलो असेल तर तीन-चार वेळांत विभागा. मजूर वाढतो हे मान्य, पण फुकटच्या उपायांत याच्याइतका गुण दुसऱ्याचा येत नाही.

६. शुष्क पदार्थाचा हिशेब

इथे कागद-पेन घ्या. चाऱ्याचं वजन फसवं असतं कारण त्यात पाणी असतं. पाणी वजा केल्यावर उरतो तो शुष्क पदार्थ, आणि गाय पोसली जाते त्याच्यावर. कडबा आणि खुराकात तो सुमारे ९० टक्के असतो, चांगल्या मुरघासात ३० च्या आसपास, कोवळ्या नेपिअर गवतात १८ च्या आसपास. दुभत्या गाईला वजनाच्या तीन ते साडेतीन टक्के शुष्क पदार्थ लागतो.

एक नेहमीचा नमुना बघा. ४५० किलोची, १५ लिटरची गाय. मालक सांगतात, वीस किलो हिरवा चारा देतो, किलोभर कडबा, आणि नऊ किलो खुराक. ऐकायला वैरण खुराकाच्या दुपटीहून जास्त वाटते. आता पाणी काढून टाका: नेपिअरचे ३.६ किलो, कडब्याचे ०.९, खुराकाचे ८.१. एकूण १२.६, आणि त्यात वैरण फक्त ४.५ किलो, म्हणजे जेमतेम ३६ टक्के. या गाईला निदान साडेतेरा किलो शुष्क पदार्थ हवा, तोही मिळत नाही. पोट अर्धवट आणि आम्लता पूर्ण.

हाच खर्च जवळपास तसाच ठेवून बदल केला: नेपिअर १० किलो (१.८), मुरघास १२ किलो (३.६), कडबा २ किलो (१.८), खुराक साडेसात किलो (६.७५). एकूण साधारण १४ किलो, आणि वैरणीचा वाटा निम्म्याहून थोडा जास्त. खुराक दीड किलो कमी केला म्हणून दूध कोसळत नाही. अंग पोसायला दीड किलो आणि लिटरमागे ४०० ग्रॅम हा जुना हिशेब लावला तरी १५ लिटरला साडेसात किलोच येतात.

तुमच्या चाऱ्यातला शुष्क पदार्थ घरी काढता येतो. एक किलो कुट्टी उन्हात पसरून हाताने चुरा होईपर्यंत वाळवा आणि वजन करा. २२० ग्रॅम उरले तर त्यातही थोडी ओल असते, म्हणून २० टक्के धरा. पावसाळ्यात हे नक्की करा. जूनच्या कोवळ्या गवतात पाणी फार, तंतू कमी आणि तेलाचा अंशही असतो. तिन्ही गोष्टी फॅटच्या विरोधात जातात. त्या दिवसांत कडबा संपवून बसू नका. लसूणघास कोवळा असेल तर तोही एकटा पोटभर देऊ नये, फॅट तर पडतेच, पोटफुगीचाही धोका असतो.

सर्वसाधारण नियम: शुष्क पदार्थावर मोजलेला खुराक ६० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका, आणि फॅट पडलेली असताना ५० च्या आसपास आणा.

७. खुराकात काय आहे

मक्याचा भरडा भरडाच असावा. गिरणीतून पीठ करून आणलेला मका कोटीपोटात फार वेगाने कुजतो, गव्हाचं पीठ त्याहून वेगाने. बेकरीतला शिळा पाव, लग्नातला उरलेला भात, हे स्वस्त मिळतं म्हणून टोपलीभर घातलं जातं. तो सगळा तयार स्टार्च असतो.

मग तेल. शुष्क पदार्थात एकूण तेल पाच-सहा टक्क्यांच्या पुढे गेलं की तंतूचं पचन बिघडतं. भाताचा कोंडा तेल न काढलेला असेल तर त्यातच बारा-पंधरा टक्के तेल असतं. त्यावर घाण्याची पेंड आणि वर वाटीभर गोडं तेल, असं मिळून मर्यादा सहज ओलांडते. गाईला तेल पाजणं आजच बंद करा. सरकी पेंडीने फॅट वाढते हा अनुभव खोटा नाही, टरफलासह काढलेल्या पेंडीत तंतू असतो आणि थोडं तेलही. किलो-दोन किलोपर्यंत ती चांगलीच आहे. मात्र पावसाळ्यात पेंडीला बुरशीचा वास आला तर ती फेकून द्या. त्या बुरशीचं विष दुधात उतरतं आणि ते दूध लहान मुलं पितात.

पोत्यावरचं लेबल वाचताना क्रूड प्रोटीनचा (एकूण प्रथिनांचा) आकडा म्हणजे नायट्रोजन गुणिले ६.२५, एवढं लक्षात ठेवा. त्यात युरियाचा नायट्रोजनही मोजला जातो. मोजण्याची ही पद्धत १८६० च्या दशकात जर्मनीतल्या वेंडे इथल्या केंद्रात बसवली गेली आणि लेबलवर अजून तीच चालते. वैरणीचा तंतू नीट मोजणारी एनडीएफ पद्धत पीटर व्हॅन सोएस्ट यांनी १९६० च्या दशकात अमेरिकेत आणली. प्रयोगशाळेचा अहवाल मागाल तेव्हा एनडीएफ मागा. एकूण आहारात तो ३० टक्क्यांच्या आसपास, आणि त्याचा मोठा भाग वैरणीतून आलेला हवा. प्रथिनं दुभत्या गाईला १५-१६ टक्के पुरतात. ती वाढवून फॅट वाढत नाही, हे दुकानदार सहसा सांगत नाही.

८. आता विकत आणायच्या गोष्टी

खाण्याचा सोडा दिवसाला १०० ग्रॅमच्या आसपास, दोन वेळा विभागून, खुराकात कालवून. उन्हाळ्यात आणि खुराक जास्त असलेल्या गाईत तो खरोखर उपयोगी पडतो. सोबत ३०-४० ग्रॅम मॅग्नेशियम ऑक्साइड दिलं तर आणखी बरं. बायपास फॅट, म्हणजे कॅल्शियमच्या साबणात बांधलेली चरबी, कोटीपोटाला त्रास न देता पुढे जाते. दिवसाला १००-२०० ग्रॅम. विल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत, वाळणाऱ्या गाईला ती द्यावी. वैरण कमी पडल्यामुळे फॅट उतरली असेल तर तिने फारसा फरक पडत नाही आणि पैसे जातात. यीस्टचा परिणाम गोठ्यागणिक वेगळा दिसतो. पहिल्या सात पायऱ्या झाल्यावरच त्याचा विचार करा.

एका वेळी एकच बदल करा आणि निदान दोन आठवडे थांबा. कोटीपोटातले जिवाणू बदलायला आणि कास परत पूर्ववत व्हायला दहा ते पंधरा दिवस जातात, कधी तीन आठवडेही. चौथ्या दिवशी फरक नाही म्हणून पुन्हा पोतं बदलणारा गोठा कायम त्याच जागी राहतो. नवा खुराक किंवा नवी वैरण आणताना जुन्यात थोडी थोडी मिसळत दहा दिवसांत पूर्ण बदला.

इथे थांबा आणि डॉक्टरांना बोलवा

खालीलपैकी काहीही दिसलं तर स्वतः उपाय करू नका:

- गाय मक्याच्या किंवा पिठाच्या पोत्याला लागली आणि भरपूर खाऊन बसली. हा तातडीचा प्रसंग आहे, सकाळची वाट बघू नका. उरलेलं धान्य काढून घ्या आणि लगेच फोन करा. बसलेल्या, मान टाकलेल्या गाईला बाटलीने सोडा, तेल, ताक काहीही पाजू नका. ते फुप्फुसात जाऊन गाय दगावते.
- अर्धा दिवस रवंथ पूर्ण बंद, किंवा डावी कूस फुगलेली.
- आंबट वासाचं पाण्यासारखं शेण, डोळे खोल गेलेले.
- सडातून गाठी, पाणी किंवा रक्त, कास गरम किंवा दगडासारखी. कास बाहेरून ठीक वाटते पण एका गाईचं एसएनएफ सतत कमी आहे, तर सुप्त कासदाहाची चाचणी करून घ्या. ती गोठ्यातच काही मिनिटांत होते.
- विल्यानंतरच्या दीड महिन्यात गाय खुराक नाकारते, फक्त कडबा चघळते, झपाट्याने वाळते आणि श्वासाला गोडसर वास येतो. हा किटनबाधेचा (केटोसिसचा) संशय, रक्त किंवा लघवी तपासावी लागते.
- एकापेक्षा जास्त गाई लंगडतायत.

सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. आजार नाही, पायऱ्या सगळ्या झाल्या, तीन आठवडे गेले आणि फॅट तरी ३.२ च्या वर येत नाही, तर पशुआहार तज्ज्ञाकडून पूर्ण आहार बांधून घ्या आणि मुरघास व खुराकाचे नमुने प्रयोगशाळेत पाठवा. पशुवैद्यकीय महाविद्यालयं आणि कृषी विद्यापीठं यात मार्गदर्शन करतात.

कोणालाही बोलवाल तेव्हा एका कागदावर हे तयार ठेवा: प्रत्येक गाईची व्यायल्याची तारीख, तीन दिवसांची सकाळ-संध्याकाळची वेगवेगळी फॅट आणि एसएनएफ, दिवसभरात टाकलेल्या प्रत्येक वैरणीचं आणि खुराकाचं तराजूवर केलेलं वजन (अंदाज नको, टोपली खरंच तोला), खुराकाच्या पोत्याचं लेबल, आणि गेल्या महिन्यात काय बदललं ते. हा कागद समोर असला की पहिल्या भेटीतच कामाला लागता येतं.